वही पक्की, पण किल्ली कोणाच्या हाती?

कापडाच्या धंद्यात आम्हाला तीस वर्षांहून अधिक काळ झाला. या काळात वहीने अनेक रूपे पालटली. लाल पुठ्ठ्याची लांब वही गेली आणि बिलबुके आली. बिलबुके मागे पडली आणि संगणक आला. २०१७ मध्ये जीएसटी लागू झाला, तेव्हापासून आमच्या मालेगावातल्या लहानशा पेढीलाही संगणकाशिवाय एक दिवस काढणे कठीण झाले आहे. आता आणखी एका नव्या वहीची चर्चा सुरू आहे. तिला ब्लॉकचेन म्हणतात. आमच्या तरुण मुलांच्या तोंडी हा शब्द सारखा असतो आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा शब्द येतो, तो म्हणजे जावास्क्रिप्ट लायब्ररी.

आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. लायब्ररी म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे मोहल्ल्यातले वाचनालय उभे राहते, लाकडी कपाटे आणि जुन्या मासिकांचे गठ्ठे. म्हणून आमचा भाचा जेव्हा म्हणाला, "मामू, लायब्ररी घेतली की ब्लॉकचेनवरचे अ‍ॅप आठवड्यात उभे राहते," तेव्हा आम्ही त्याला विचारले, "घेतली म्हणजे विकत का?" तो हसला. ती फुकट मिळते, असे त्याने सांगितले. फुकट मिळणाऱ्या मालाकडे व्यापारी दोनदा पाहतो. आम्हीही पाहिले. गेले काही महिने भाच्याला समोर बसवून आम्ही हा विषय आमच्या कुवतीप्रमाणे समजून घेतला. त्यातून जे कळले आणि जे खटकले, ते व्यापारी आणि कारागीर बांधवांसमोर ठेवणे आम्हाला आवश्यक वाटते. कारण उद्या ही वही कोणीतरी तुमच्याही दारात घेऊन येणार आहे.

ही लायब्ररी म्हणजे काय?

आधी वही समजून घेऊ. ब्लॉकचेन ही अशी वही आहे की जिची नक्कल एकाच वेळी अनेक संगणकांवर ठेवलेली असते. नोंदींचा एक गठ्ठा तयार झाला की त्यात मागच्या गठ्ठ्याचा ठसा घालून तो पुढे जोडला जातो. मागची एखादी नोंद कोणी गुपचूप बदलली तर ठसा जुळत नाही आणि पुढचे सगळे ठसे खोटे ठरतात. बिटकॉइनची वही जानेवारी २००९ मध्ये सुरू झाली, इथेरियमची ३० जुलै २०१५ रोजी. इथेरियमच्या वहीत पैशाच्या देवघेवीबरोबर कराराच्या अटीही संगणकाच्या भाषेत लिहून ठेवता येतात. कोणी नोंद करू लागला की त्या अटी आधी तपासल्या जातात, आणि पुऱ्या झाल्या तरच नोंद होते. याला स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट असे नाव आहे.

ही वही काही कपाटातून काढून टेबलावर उघडता येत नाही. ती संगणकांच्या जाळ्यात आहे आणि तिची भाषा सामान्य माणसाला कळणारी नाही. दुकानातला माणूस तर मोबाईलच्या पडद्यावर बटण दाबणार. हा पडदा बहुधा जावास्क्रिप्ट या भाषेत चालतो. १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीसाठी ती तयार केली आणि आज जगातली बहुतेक संकेतस्थळे तिच्यावरच चालतात. पडदा आणि वही यांच्यामध्ये जो दुभाषा बसतो, तीच ही लायब्ररी. वेब३ डॉट जेएस ही त्यातली जुनी. रिचर्ड मूर यांनी तयार केलेली ईथर्स डॉट जेएस ही दुसरी, आणि आमचा भाचा तीच वापरतो.

या लायब्ररीत मुख्यतः तीन गोष्टी असतात. पहिला प्रोव्हायडर. हा वहीपर्यंत जाणारा रस्ता आहे. त्याने वही वाचता येते, लिहिता येत नाही. दुसरा साइनर. याच्याजवळ गुप्त किल्ली असते आणि त्या किल्लीने नोंदीवर सही होते. तिसरे कॉन्ट्रॅक्ट. वहीतला कोणता करार उघडायचा, त्याचा पत्ता आणि त्यात कोणकोणते रकाने आहेत याची यादी दिली की लायब्ररी तो समोर आणून ठेवते. पेढीच्या भाषेत सांगायचे तर पहिला पोस्टमन, दुसरा सही-शिक्का सांभाळणारा मुनीम आणि तिसरा खुद्द करारनामा. लिहिण्यासाठी त्या जाळ्याला फी द्यावी लागते. तिला गॅस म्हणतात आणि गर्दीप्रमाणे ती कमीजास्त होते.

येथे एक खुलासा करणे गरजेचे आहे. ब्लॉकचेन म्हणताच लोकांना नाण्यांचा सट्टा आठवतो. त्या सट्ट्याची वकिली आम्ही करीत नाही. सरकारनेही १ एप्रिल २०२२ पासून अशा आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर लावला आहे. ज्यांना झटपट श्रीमंत व्हायचे आहे त्यांच्यासाठी हा लेख नाही. आमचा विषय हिशेबाचा आहे.

आम्हाला या वहीची गरज का वाटली?

मजुरीवर कापड विणून घेणाऱ्यांना हे सांगायला नको. आम्ही बुनकराला सूत आणि बीम देतो, तो कापड विणून आणतो आणि मजुरी घेतो. भांडण नेहमी तीनच गोष्टींवर होते. सूत किती दिले, कापड किती आले आणि घट किती धरायची. आमच्या वहीत एक आकडा, त्यांच्या चिठ्ठीत दुसरा. शिवाय कापड पुढे परगावी जाते, तेथे उधारी साठ दिवसांची ठरते आणि नव्वद दिवस होऊन जातात. काही वर्षांपूर्वी परगावच्या एका व्यापाऱ्याने आमचे बारा ताके मिळालेच नाहीत असे सांगितले. पोहोच दिलेल्या चलनाची प्रत आमच्याकडे सापडेना. माल गेला, पैसेही गेले आणि बोलायला तोंड राहिले नाही. अशा वेळी ज्या वहीतले पान कोणालाच फाडता येत नाही, ती वही कोणाला नको असेल?

भाच्याने चाचणीच्या नेटवर्कवर एक नमुना उभा केला. अशा नेटवर्कवर खरे पैसे लागत नाहीत, सगळे सरावापुरते असते. त्यात तीन बटणे होती: सूत दिले, कापड मिळाले, मजुरी दिली. बटण दाबले की काही क्षणांत नोंद पक्की. आम्ही खूश झालो. आमच्याकडे दोन पिढ्यांपासून मजुरीवर विणणारे एक वयस्कर बुनकर आहेत. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. त्यांनाही पाहायला बोलावले.

चाचांचे दोन प्रश्न

चाचांसमोर आमच्या कारकुनाने नोंद केली. कापड होते ११८० मीटर, त्याच्या बोटाने ११०८ टाकले गेले. नोंद पक्की झाली. चाचांनी पडद्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "सेठ, तुमच्या वहीत चूक झाली तर तुम्ही काट मारता आणि शेजारी सही करता. इथे काट कुठे मारायची?"

भाचा गप्प. त्याने दुरुस्तीचे बटण केलेलेच नव्हते. नोंद बदलता येत नाही याचेच त्याला कौतुक होते. बहात्तर मीटरची मजुरी चाचांच्या नावावरून गेली होती आणि जगातला कोणताही संगणक ती चूक आहे असे म्हणत नव्हता. उलट प्रत्येक संगणक ती बरोबर असल्याची साक्ष देत होता. वही पक्की असते याचा अर्थ वहीतला मजकूर खरा असतो असा नाही. खोटे आकडेही तितकेच पक्के होतात. ही साधी गोष्ट आम्हाला भरपूर अभ्यासानंतरही दिसली नव्हती, ती चाचांना पाच मिनिटांत दिसली.

मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. "या वहीत माझी सही कोणती?" भाच्याने पडद्यावर एक लांबलचक पत्ता दाखवला, "चाचा, हा तुमचा." चाचा म्हणाले, "आणि याची किल्ली?" किल्ली आमच्याच पेढीच्या संगणकात होती. आमचीही तेथे आणि चाचांचीही तेथे. दोन्ही सह्या आमचा कारकून करू शकत होता. चाचा उठता उठता म्हणाले, "म्हणजे माझा अंगठाही सेठच्या टेबलाच्या खणात."

आम्ही त्या रात्री नीट झोपलो नाही, हे कबूल करतो. आमचा हेतू वाईट नव्हता. पण हेतू वाईट असता तर? जुन्या वहीत बुनकराला निदान आपली चिठ्ठी दाखवता येत होती. या नव्या वहीत मात्र त्याच्या नावाची, त्याच्या सहीची, जगाला मान्य असलेली नोंद त्याच्याच विरुद्ध उभी राहिली असती. जी वस्तू फसवणूक थांबवण्यासाठी आणली, तिनेच दुबळ्याचे तोंड कायमचे बंद केले असते.

सूरह बकरामध्ये उधारीचे व्यवहार लिहून ठेवण्याची, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहिण्याची आणि साक्षीदार ठेवण्याची जी शिकवण आहे, ती आपण सर्वांनी ऐकलेली आहे. त्यात एक बारकावा आहे, त्याकडे आमचे लक्ष या निमित्ताने गेले. ज्याच्यावर देणे लागते, त्याने मजकूर सांगावा, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे नोंदीचे ओझे ज्याच्या अंगावर पडणार, शब्द त्याच्या तोंडचा हवा. हाच नियम संगणकाच्या करारात घालता येतो. सूत दिल्याची नोंद बुनकराच्या किल्लीने व्हावी, कारण त्या सुताचा जबाब त्याला द्यायचा आहे. कापड मिळाल्याची नोंद आमच्या किल्लीने व्हावी, कारण त्या कापडाची मजुरी आम्हाला द्यायची आहे. मजुरी मिळाल्याची नोंद पुन्हा बुनकराने करावी. किल्ल्या वेगळ्या असतील तरच या सह्यांना अर्थ आहे.

मुनीमच फितला तर?

आता लायब्ररीकडे वळू. ती फुकट मिळते हे खरे. एनपीएम नावाचे एक मोठे कोठार आहे, तेथून जगभरचे कारागीर अशा लायब्ऱ्या उचलतात. पण एक लायब्ररी दुसऱ्या दहा लायब्ऱ्यांवर उभी असते आणि त्या आणखी कशावर तरी. आपण ज्याला पेढीवर ठेवले त्या मुनिमाचे हे भाऊबंद कोण, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. त्याचा परिणाम काय होतो, हे चार उदाहरणांवरून लक्षात येईल.

२०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम नावाची एक लोकप्रिय लायब्ररी होती. तिच्या मूळ कर्त्याला ती सांभाळायला वेळ नव्हता. एक अनोळखी माणूस मदतीला आला आणि त्याने विश्वासाने सगळा कारभार त्याच्या हाती दिला. त्या माणसाने आत चोरकप्पा बसवला आणि त्याचा रोख कोपे नावाच्या बिटकॉइन पाकिटावर होता. पाकीटवाल्यांनी त्याला कधी पाहिलेही नव्हते.

१४ डिसेंबर २०२३ रोजी लेजर या फ्रेंच कंपनीच्या कनेक्ट किट या लायब्ररीत चोरांनी आपला मजकूर घातला. एका माजी कर्मचाऱ्याला फसवून त्याचे खाते त्यांनी मिळवले होते. नोकरी सोडून गेलेल्या माणसाकडे कोठाराची किल्ली तशीच राहिली होती. काही तासांत लोकांचे सुमारे ६ लाख डॉलर गेले. नोकर सोडून गेला की गोदामाचे कुलूप बदलावे, हे आमच्या आजोबांनाही ठाऊक होते.

डिसेंबर २०२४ मध्ये सोलाना या दुसऱ्या नेटवर्कच्या वेब३ डॉट जेएस लायब्ररीच्या १.९५.६ आणि १.९५.७ या दोन आवृत्त्यांत असाच प्रकार झाला. त्या आवृत्त्या गुप्त किल्ल्या चोरून बाहेर पाठवीत होत्या. त्या काही तासच कोठारात होत्या, पण ज्यांनी त्याच वेळेत घाईने नवा माल उचलला ते सापडले.

चौथे उदाहरण सर्वांत मोठे आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या दुबईतील पेढीचे सुमारे १५० कोटी डॉलर चोरीला गेले. तेथे एकाच्या सहीवर पैसे निघत नव्हते, अनेकांच्या सह्या लागत होत्या. सह्या करणाऱ्यांनी केल्याही. पण ज्या संकेतस्थळावर ते सही करीत होते, त्याच्या जावास्क्रिप्टमध्ये फेरफार झालेला होता. पडद्यावर एक व्यवहार दिसत होता आणि सहीखाली दुसराच जात होता. वही फोडली गेली नाही, कुलूप तुटले नाही, सगळ्या सह्या खऱ्या होत्या. अमेरिकेच्या एफबीआयने यासाठी उत्तर कोरियाच्या टोळीला जबाबदार धरले. कोऱ्या कागदावर सही करू नये असे आपण मुलांना शिकवतो. भरलेल्या कागदावरही सही करताना खालचा कागद पाहावा, हा यातला धडा आहे.

आणखी एक गोष्ट. वेब३ डॉट जेएस ही इथेरियमची सर्वांत जुनी लायब्ररी मार्च २०२५ मध्ये बंद करण्यात आली. वहीतल्या नोंदी जागेवरच आहेत, पण त्या लायब्ररीवर ज्यांनी आपली अ‍ॅपे बांधली होती त्यांना नवा दुभाषा शोधणे भाग पडले. फुकट मिळणाऱ्या मुनिमाने उद्या नोकरी सोडली तर त्याच्या जागी कोण, हे आधीच विचारून ठेवावे.

आकड्यांची गफलत

कापडवाल्याला वार आणि मीटर यांतला फरक सांगावा लागत नाही. एक वार म्हणजे ०.९१४४ मीटर. वाराचा भाव मीटरला लावला तर दिवाळे निघते. या लायब्ऱ्यांत असेच एक ठिकाण आहे. इथेरियमची वही ईथरमध्ये लिहीत नाही, वेई या सूक्ष्म एककात लिहिते. एक ईथर म्हणजे एकावर अठरा शून्ये इतके वेई. जावास्क्रिप्टचा साधा आकडा सोळा अंकांच्या आसपास पोहोचला की अचूक राहत नाही, शेवटचे अंक गळू लागतात. म्हणून ईथर्समध्ये मोठ्या आकड्यांसाठी बिगइंट नावाचा वेगळा प्रकार वापरतात आणि रूपांतरासाठी तयार सोय दिलेली आहे. पण डॉलरशी बांधलेली यूएसडीसी आणि यूएसडीटी ही नाणी इथेरियमवर अठराऐवजी सहाच दशांश स्थळे धरतात. शिकाऊ मुलाने सवयीने अठरा धरले तर हिशेब लाखो कोटींनी चुकतो.

आमच्या नमुन्यातही ही अडचण आली. वहीच्या करारात अपूर्णांक लिहिता येत नाहीत. साडेबारा किलो सूत लिहायचे कसे? त्यावर भाच्याने तोड काढली, की सूत ग्रॅममध्ये आणि कापड सेंटिमीटरमध्ये लिहायचे आणि पडद्यावर मात्र किलो व मीटर दाखवायचे. हे योग्य आहे. पण हा निर्णय बुनकराला समजावून सांगितला पाहिजे, नाहीतर तो पाहील एक आणि सही करील दुसऱ्यावर.

दुसरी अडचण भावाची. सार्वजनिक वही सगळ्यांना वाचता येते. आमचा मजुरीचा दर शेजारच्या पेढीने वाचावा असे कोणाला वाटेल? त्यावर उपाय असा, की चलन आपल्याजवळच ठेवायचे आणि त्याचा फक्त ठसा वहीत नोंदवायचा. लायब्ररी कोणत्याही मजकुराचा चौसष्ट अक्षरांचा ठसा काढून देते. चलनातला एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो. उद्या वाद झाला तर दोघांनी आपापली प्रत पुढे करावी, ज्याचा ठसा जुळेल त्याची प्रत खरी. आमच्या बारा ताक्यांच्या वेळी परगावच्या व्यापाऱ्याच्या किल्लीने चलनाचा ठसा नोंदलेला असता आणि संगणकात त्याची प्रत राहिली असती, तर माल मिळालाच नाही असे त्याला म्हणता आले नसते.

बाजाराने मानले तरच वही

हे सगळे जमले तरी एक प्रश्न उरतो. ही वही मानणार कोण? पूर्वी एका पेठेची हुंडी दुसऱ्या पेठेत चालत असे, ती कागदामुळे नव्हे. त्या पेठेतला सावकार ती स्वीकारीत असे म्हणून चालत असे. मर्स्क ही जहाज कंपनी आणि आयबीएम यांनी २०१८ मध्ये ट्रेडलेन्स नावाची मालवाहतुकीची ब्लॉकचेन सुरू केली. पैशाला कमी नव्हती, कारागीर उत्तम होते. तरीही नोव्हेंबर २०२२ मध्ये ती बंद करण्याची घोषणा झाली, कारण साऱ्या व्यवसायाने एकत्र येऊन ती स्वीकारावी तशी स्वीकारली नाही. एवढ्या मोठ्यांची ही गत झाली, तर एकट्या पेढीने वही मांडून काय होणार?

याउलट जेथे गरज सर्वांची असते तेथे ती चालते. लहान उद्योगांची बिले वटवण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने ट्रेड्स नावाच्या मंचांवर सोय झाली आहे. आरएक्सआयएल, एम१एक्सचेंज आणि इन्व्हॉइसमार्ट हे मंच एकमेकांचे स्पर्धक. एकच बिल कोणी दोन ठिकाणी वटवू नये ही तिघांचीही गरज, पण आपली वही दुसऱ्याला दाखवायला कोणी तयार नाही. म्हणून २०१८ मध्ये त्यांनी ब्लॉकचेनवर बिलांचे ठसे नोंदवण्याची व्यवस्था स्वीकारली. स्पर्धक आहेत, परस्परांवर पूर्ण भरवसा नाही आणि तरी एक गोष्ट सर्वांना तपासायची आहे, अशी जागा असेल तेथे ही वही उपयोगी पडते. दोन भावांच्या पेढीला साधी वही पुरे. आपल्या महाराष्ट्रातही २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे जातीचे दाखले पॉलिगॉन नावाच्या ब्लॉकचेनवर नोंदवण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला. तेथेही दाखला खरा की खोटा हे ठरवणारे कार्यालयच असते. वही फक्त पुढे कोणाला त्यात खाडाखोड करू देत नाही.

मग करावे काय?

आमचे मत असे, की आपल्या मुलांनी ही विद्या जरूर शिकावी. जावास्क्रिप्ट शिकायला मोठे भांडवल लागत नाही, एक बरा संगणक आणि चिकाटी लागते. लायब्ऱ्यांची माहितीपुस्तके इंग्रजीत आहेत आणि उर्दू किंवा मराठी माध्यमातल्या मुलाला ती सुरुवातीला जड जातात. आपल्या शहरांतील संस्थांनी संध्याकाळचे वर्ग काढून एवढी अडचण दूर करावी. मुलांनी महिनोन्महिने चाचणीच्या नेटवर्कवरच हात बसवावा.

परंतु व्यापाऱ्याने ही वही पेढीवर आणताना काही अटी घातल्याच पाहिजेत. बुनकराची किल्ली बुनकराच्या मोबाईलमध्ये असावी, पेढीच्या संगणकात नव्हे. करारात दुरुस्तीची नोंद असावी. जुनी नोंद राहू द्यावी, तिच्याखाली दोघांच्या सहीने नवी करावी. जुन्या वहीतली काट हीच होती. मोबाईल हरवला तर किल्ली जाते आणि ती परत देणारी कोणतीही बँक नाही. म्हणून दोघांनाही मान्य असलेल्या दोन माणसांच्या सहीने नवी किल्ली नेमण्याची सोय करारात सुरुवातीलाच ठेवावी. लायब्ररीची तपासलेली आवृत्ती नक्की करून तीच वापरावी आणि नवी आली म्हणून त्याच दिवशी उचलू नये. आणि पहिले वर्षभर या वहीतून पैसे फिरवू नयेत, केवळ नोंदी कराव्यात. पैसे बँकेतून जावेत.

पहिली अट आम्हा व्यापाऱ्यांना जड जाणार आहे, हे आम्ही जाणतो. आमच्याही मनात आले, की सर्व किल्ल्या पेढीत राहिल्या तर काम लवकर होते, बुनकराची वाट पाहावी लागत नाही. पण मग हा खर्च कशासाठी? एकट्याच्या हातात असलेली वही तर आमच्याकडे आधीपासूनच आहे. दुसऱ्याच्या हाती खरी सही देण्याची तयारी नसेल तर ब्लॉकचेन हा फक्त महागडा पुठ्ठा आहे.

भाच्याने नमुना पुन्हा लिहायला घेतला आहे. या वेळी चाचांच्या जुन्या मोबाईलवर त्यांची स्वतःची किल्ली आहे आणि सूत मिळाल्याचे बटण फक्त तेच दाबू शकतात. चाचांनी एक अट घातली आहे. प्रत्येक नोंदीची कागदावर छापलेली प्रत त्यांना हवी. भाच्याला ही अट मागासलेली वाटली. आम्हाला वाटली नाही. छपाईयंत्राची ऑर्डर आम्ही दिली आहे. ज्या व्यापारी बांधवांच्या दारात ही नवी वही येईल, त्यांनी आपल्या कारागिराला शेजारी बसवूनच ती पाहावी, एवढीच आमची विनंती.